तिचं मौन चालू आहे

दिवसभर इस्पितळाच्या चौकशी खिडकीत बसून तिचं डोकं भणभणायचं. म्हणून घरी आल्यावर रोज अर्धा तास ती कुणाशी बोलत नसे. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून डोळे मिटायची. सुरुवातीला डोक्यात बाजार भरायचा. मग गाळ खाली बसे आणि सगळं नीट दिसू लागे. नवऱ्याने आधी टिंगल केली, पुढे त्यालाही सवय झाली.

आज धाकटी नणंद आली होती. भाऊ-बहीण टेबलाशी चहा घेत होते, तिच्यापासून चार हातांवर.

"दादा, उद्या तुझे साहेब जेवायला येणार. बाबांचं काय करायचं?" नणंदेने विचारलं. "लाळ काय गळते, मध्येच काहीही काय बोलतात!"

"दुपारी झोपेच्या दोन गोळ्या देतो. पडून राहतील." नवरा काडीने दात कोरत म्हणाला.

"हळू बोल. वहिनी ऐकतेय."

"छे! तिचं मौन चालू आहे." तो हसला. "गेल्या वेळीही दिल्या होत्या. हिला पत्तासुद्धा लागला नाही."

गेल्या वेळी सासरे संध्याकाळपर्यंत उठले नव्हते. अंथरूण ओलं झालं होतं. तिने त्यांचं अंग पुसलं, कपडे बदलले. "मला कसं कळलं नाही गं?" म्हणत ते रडले होते. नवरा नाकाला रुमाल लावून दारात उभा होता. "वय झालं," एवढंच म्हणाला होता.

तिने डोळे उघडले. नवऱ्याने काडीच्या टोकाला आलेलं निरखून पाहिलं, बशीच्या कडेला पुसलं आणि चहाचा घोट घेतला. याच माणसाच्या उष्ट्या कपातून ती कधीकाळी आवडीने चहा प्यायली होती.

ती उठली. फळीवरची गोळ्यांची डबी उचलली.

"झालं का गं तुझं?" नवऱ्याने विचारलं.

त्याच्याकडे न बघता ती सासऱ्यांच्या खोलीत गेली आणि आतून कडी लावली.

सासरे पलंगावर बसले होते. "सूनबाई, सुटलं मौन?"

"हो बाबा. उद्या पाहुणे येणार आहेत. जेवायला तुम्ही माझ्या शेजारी बसायचं. कुठला शर्ट घालणार?"

ते विचारात पडले. "निळा. पण त्याचं वरचं बटण तुटलंय."

बाहेरून दार वाजलं. "अगं, चेष्टा करत होतो मी! ऐकतेस ना?"

तिने सुईत दोरा ओवला.