संशोधनाचा विषय

अकराला तीन मिनिटं असताना प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख डॉ. मोघे यांच्या लक्षात आलं, की रेवती खांबेटे मॅडमच्या फॉर्ममध्ये एक ओळ बदलायची राहिली. उद्या तपासणी समिती येणार म्हणून त्यांनी आपलाच फॉर्म कॉपी करून त्यात एकेका प्राध्यापकाचं नाव घातलं होतं. मॅडमच्या फॉर्ममध्ये संशोधनाचा विषय 'विषारी साप' हवा होता. तिथे मोघ्यांचाच विषय तसाच राहिला होता. गांडुळं.

आता फॉर्म लॉक झाला होता. अकराच्या ठोक्याला तो, सगळ्या प्राध्यापकांना बसवलेल्या असतात तशा, मॅडमच्या मेंदूतल्या चिपमध्ये उतरणार होता. नवा विषय आला, की जुना डोक्यातून मुळापासून पुसला जायचा.

त्यांनी प्रयोगशाळेत फोन लावला. मदतनीस शेवंताबाईंनी उचलला.

"मॅडमना द्या, लगेच!"

"सर, त्यांचे हात गुंतलेत. फुरशाचं विष काढतायत."

मोघे ताडकन उभे राहिले. "साप पेटीत टाका म्हणावं! आत्ताच्या आत्ता!"

शेवंताबाईंनी निरोप सांगितला.

"दोन मिनिटं थांबा म्हणावं सरांना," मॅडम म्हणाल्या. "होतच आलंय."

फोनमधून भिंतीवरच्या घड्याळाचे ठोके ऐकू येऊ लागले. मोघ्यांनी अकरा मोजले.

मग मॅडमचा आवाज आला, कौतुकाने भरलेला.

"अगंबाई, केवढं मोठं गांडूळ हे! आणि मी हे असं चिमटीत का धरलंय? त्यांची कातडी फार नाजूक असते. तळहात ओला करायचा, आणि त्यावर मोकळं सोडायचं."