न खोदता

"दोन पर्याय आहेत," प्लंबर म्हणाला. "अंगण खोदून ड्रेनेजची नवी लाइन टाकायची, नाहीतर न खोदता जुन्या पाइपातूनच नवा पाइप ओढायचा. पण त्याला तिप्पट खर्च येईल."

मृदुलाने नवऱ्याकडे पाहिलं. कोथिंबिरीच्या जुडीवरूनही घासाघीस करणारे दिगंबरराव ताबडतोब म्हणाले, "येऊ दे खर्च. अंगणाला हात लावायचा नाही!"

थंडीतही त्यांच्या कपाळावर घाम होता. मृदुलाला एकदम आठवलं. पहिली बायको पळून गेली, असं त्यांनी लग्नाआधी सांगितलं होतं. ती गेली त्याच आठवड्यात अंगणात फरशी बसली, असं शेजारीण परवा सहज बोलून गेली होती.

दिगंबरराव पैसे आणायला आत गेले. मृदुलाने हळूच बाहेरून कडी घातली.

"दादा," ती प्लंबरला म्हणाली, "खोदा."