काकूंचा टाका

कोटाची खालची दुमड उसवली आणि अस्तरातून अंगठी टपकन शिलाई मशीनच्या फळीवर पडली.

शिंपीणकाकूंनी आधी चष्मा पुसला, मग अंगठी उचलली. हिरवा खडा, कडेला बारीकशी चीर. हीच ती! गेल्या हिवाळ्यात हिच्यापायी सगळं गाव ढवळून निघालं होतं आणि चोरीचा छडा काकूंनीच लावला होता. लावला होता म्हणे.

कोट शाळेच्या जुन्या हेडबाईंचा. त्या महिन्यापूर्वी गेल्या. काल त्यांची सून कोट टाकून गेली, "काकू, माझ्या मापाचा करा, चार बोटं आखूड." काकूंनी अस्तर उलटं करून खिशाची पिशवी बघितली. त्यांचाच टाका, शेवटी तिहेरी गाठ. फाटका खिसा बदलायला हा कोट त्यांच्याकडे आला, तेव्हाच अंगठी भोकातून घसरून तळाशी जाऊन बसली होती. नवा खिसा घालताना एकदा कोट झटकायचा, एवढंच काम होतं. पण काकूंना कुठली सवड? त्या दिवसांत त्या शाळेची घंटा कुणी पळवली ते शोधत होत्या.

घंटा सापडली. औषधवाल्याची सायकल सापडली. निनावी पत्रं लिहिणाराही सापडला. काही झालं की लोक पोलिसांआधी काकूंकडे यायचे आणि काकूही मशीन थांबवून, पदर खोचून तयारच असायच्या.

हेडबाईंना हात धुताना अंगठी खिशात टाकायची सवय. कोट शिवून घरी गेला आणि दोन दिवसांनी बोटात अंगठी नाही, हे लक्षात आलं. कधीपासून नाही, ते म्हातारीला सांगता येईना. काकूंनी भरल्या घरात निकाल दिला, "खिशातून पडली वगैरे सोडा. तो खिसा मी परवा घातलाय. माझा टाका उसवत नाही." मग उरलं कोण? हेडबाईंना उठवणारी, न्हाऊ घालणारी, भरवणारी सोबतीण. काकू तिला म्हणाल्या, "कबूल कर, म्हणजे पोलिसांत देणार नाहीत." तिसऱ्या दिवशी तिनं कबूल केलं. अंगठी काही देता आली नाही, हरवली म्हणाली. लोकांनी काकूंच्या डोक्याला हात जोडले आणि ते काकूंना मनापासून आवडलं.

"काकू, आहात का?"

दारात सोबतीण उभी होती. हातात एकच पिशवी, अंगात तपकिरी कोट, त्याचं वरचं बटण तुटलेलं. काकूंनी मुठीतली अंगठी झटकन बटणांच्या डब्यात सोडली.

"एक बटण लावून द्याल? वाऱ्यानं छाती भरते. बारा वाजताची बस आहे."

"कुठे निघालीस?"

"बहिणीकडे. इथे कोण दारात उभं करतंय? दवाखान्यात झाडायलासुद्धा नको म्हणाले."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा झाले होते. सांगून टाकायचं, काकूंनी मनाशी ठरवलं. आत्ता, हिच्यासमोर. हिचा हात धरायचा, सुनेच्या दारात जायचं, अंगठी तिच्या तळहातावर ठेवायची. सोपं होतं. आणि मग? औषधवाला काउंटरवर वाकून हसला असता. कुणी कोट शिवायला टाकताना म्हणालं असतं, काकू, जरा झटकून घ्या हं! काकूंचे कान आत्ताच तापले. स्वतःची शिसारी आली, तरी तोंड उघडेना. उघडलं तेव्हा भलतंच निघालं.

"अगं, तू तेव्हा कबूल का केलंस?"

सोबतिणीनं त्यांच्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग असता, तर काकूंना बरं वाटलं असतं.

"तुम्ही कधी चुकत नाही, असं सगळेच म्हणत होते. मी तीन दिवस माझंच घर शोधलं, काकू. गादी उसवली. पिठाचा डबा पालथा केला. म्हटलं, काकू म्हणतायत म्हणजे असेल इथेच कुठेतरी. माझंच डोकं फिरलं असेल."

काकूंनी सुईत दोरा ओवायला घेतला. तो ओवला जाईना.

"द्या, मी बटण शोधते. तुमचे डोळे थकले." सोबतिणीनं डबा पुढे ओढला आणि त्यात बोटं घातली.

"राहू दे!" काकू एवढ्या जोरात ओरडल्या की तिनं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "राहू दे गं. मी बघते."

काकूंनी डबा मांडीवर घेतला आणि त्यात हात घातला. काळी बटणं, पांढरी, शिंपल्याची. अंगठी बोटांना लागली. त्यांनी ती बाजूला सारली. ती पुन्हा आली. तपकिरी बटण तळाशी दिसलं, पण ते काढायचं म्हणजे डबा फळीवर पालथा करायला हवा होता. बाहेर स्टँडवर बसचा हॉर्न वाजला.

"नाही गं सापडत," काकू म्हणाल्या आणि त्यांनी झाकण लावलं.

सोबतिणीनं फळीवरची एक टाचणी उचलली, कोट गळ्याशी ओढून टाचून घेतला आणि पिशवी खांद्याला लावली.

"असू दे, काकू. तुम्हाला सापडलं नाही म्हणजे त्यात नसेलच."