एक घ्यायचं, एक ठेवायचं

“जाकीट इसरली मी,” पायल म्हणाली.

अक्षयने कपाळावर हात मारून घेतला. दोन्ही कयाक नाल्यात उतरवून झाल्या होत्या आणि गाव पार मागे राहिलं होतं. नाइलाजाने त्याने अंगातलं तरंगायचं जाकीट काढून तिला दिलं. विक्कीची बहीण, उद्या तिला काही झालं तर लोक तोंडात शेण घालतील.

“काठाकाठानं चाल पण,” तो म्हणाला.

होड्या चालवायचा धंदा आणि पोहायच्या नावानं शंख! अक्षय तसाच, त्याचा भागीदार विक्कीही तसाच. जाकीट असल्यावर पोहायला शिकतो कोण? गेल्या दिवाळीनंतर विक्की या नाल्यावर डबा लपवायला एकटाच आला आणि पुढच्या डोहात बुडाला. जाकीट काठावर सापडलं. उकाड्याने काढलं असेल. कयाक खडकांत अडकलेली होती, तिच्या मागच्या टोकाला आतलं पाणी काढायचं भोक असतं, त्याचं बूच गायब. आपटून निघालं असेल, असं सगळे म्हणाले. होड्या घेऊन नागपूरला जातो म्हणणारा विक्की गेला, आणि होड्या झरी गावातच अक्षयकडे राहिल्या.

डब्याच्या या खेळाचं विक्कीला भारी येड. जंगलात डबा लपवायचा, जागेची खूण फोनवर टाकायची, बाकीच्यांनी शोधायचा. ज्याने उघडला त्याने आतली एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची. विक्कीचा शेवटचा डबा अजून कुणालाच सापडला नव्हता.

“दादाच्या हातचं तेवढंच उरलं आहे,” पायल वर्षभर म्हणत होती. अक्षय टाळत होता. कधी पाणी कमी, कधी वाघ आला. आज ती थेट दारात येऊन उभी राहिली. “तुमी नाही आले तर मी एकटीच जातो.” मग काय करणार बिचारा!

दोन्ही काठांचे साग वरून एकमेकांना भिडले होते. भर दुपारी खाली संध्याकाळ झाली होती. मघापासून ओरडणारी वानरं एकाएकी गप्प झाली. चिखलात वाघाचं ताजं पाऊल दिसलं तसा अक्षय घाईला आला.

फोनमधली खूण डाव्या काठावर नाचत होती. दाट झाडीत ती अशीच भरकटते. अक्षयने कयाक उजव्या काठाला लावली. “दोन्ही धरून ठेव,” म्हणाला आणि वाकड्या उंबराकडे गेला. मुळामागच्या ढोलीत कोपरापर्यंत हात घालून त्याने डबा बाहेर काढला.

पायल गुडघाभर पाण्यात उभी होती. तिचे ओठ पांढरे पडले होते. अक्षयला तिची फार दया आली.

“लवकर सापडला बाप्पा!”

“अंदाजानं.”

“दादा गेला त्या दिवशी तुमी दारव्ह्याले होते ना?”

“हो, मामाकडं गेलतो. काहून?”

“सहज इचारलं.” तिने डबा हातात घेतला. “अक्षयभाऊ, थोडं तिकडं तोंड करा. दादाचं आहे, मले एकटीनं पाहू द्या.”

बरोबरच होतं. तो पाठमोरा होऊन झाडीत कान देत उभा राहिला. तो वळला तेव्हा तिच्या गळ्यात विक्कीची शिटी होती, डोळे लाल होते आणि डब्याचं झाकण लागलेलं होतं.

“मी एक घेतलं, एक ठेवलं. आता तुमची पाळी. पण डोहात उघडा. दादा तिथंच गेला.”

“कायले त्या डोहात?”

“एवढं करा माह्यासाठी.”

‘नाही’ तरी कोणत्या तोंडाने म्हणायचं? तो निघाला. कयाक जड चालत होती. वल्हं मारून मारून त्याचे दंड भरून आले. डोहाच्या मधोमध आला तेव्हा पाणी बसायच्या जागेला लागलं होतं. वल्ह्याचं उडालं असेल. पायल बरीच पुढे जाऊन वळून थांबली होती.

“उघडा ना, भाऊ!”

त्याने झाकण काढलं. आत रबराचं एक काळं बूच होतं, ओलं.

अक्षयने ते उलटंपालटं करून पाहिलं. छे, कसं शक्य आहे! विक्कीच्या कयाकचं बूच तर त्याने स्वतःच्या हाताने उपटून या डोहात फेकलं होतं. मग हे कुणाचं?