शिट्टी कुणाची?

घर फुटायला लागलं की आधी चूल वेगळी होते. मांजर्लीतल्या वन-बीएचकेत मात्र वेगळी झालेली चूलसुद्धा त्याच ओट्यावर राहिली. थोरल्या सुनेची शेगडी खिडकीकडे, धाकटीची सिंककडे, आणि दोघींचा कडकडीत अबोला.

अडचण एकच. दोन्ही कुकर एकाच वेळी चढायचे आणि कोणती शिट्टी कुणाची ते कळायचं नाही. खिडकीकडे भाताची खीर व्हायची, सिंककडच्या वरणात डाळ मोजता यायची. दोघे भाऊ मुकाट गिळायचे, कारण तोंड उघडलं तर बाजू घ्यावी लागली असती.

रविवारी शिट्टी झाली आणि धाकट्या माधवीचा धीर सुटला.

"वहिनी, ही तुमची की माझी?"

"तुझीच गं बाई! बंद कर, नाहीतर आज तुझी खीर!"

माधवी फिसकन हसली, मग थोरलीही. सासूबाई हॉलमधूनच ओरडल्या, "अरे, सुना बोलल्या रे!" दोघा भावांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. सगळे एका पंगतीला बसले, आणि पहिल्याच घासाला डाळ कच्ची लागली.

शिट्टी शेजारच्या मोटवानींकडची होती.