बुटकी खुर्ची

बाबा गेल्यावर त्यांची जुनी खुर्ची किशोरने घरीच दुरुस्त करायला घेतली. घासूनपुसून पॉलिश केलं, नवा फोम घातला, मेनरोडवरून आणलेलं रेक्झिन ताणून बसवलं. खुर्ची मुळातच फार बुटकी होती. सहा फुटी बाबा तिच्यात गुडघे वर करून बसायचे. ही सुताराची चूक समजून किशोरने चारही पायांना लाकडी ठोकळे जोडले.

"आई, बस बघू."

आई बसली. तिचे पाय फरशीला टेकेनात.

"खुर्चीचे पाय तुझ्या बाबांनीच कापले होते," ती म्हणाली. "लग्न झालं त्याच वर्षी. तेव्हा सुनांनी खुर्चीवर बसायचं नसायचं. तुझी आजी संध्याकाळी नदीवर, गंगेवर कीर्तनाला गेली, की मला हिच्यात बसवायचे आणि स्वतः दाराशी उभे राहायचे."