कुबट

ताईने दारात चपला काढल्या आणि एक खोल श्वास घेतला. वास होता. कुबट, घशाला चिकटणारा. धाकटा भाऊ फोनवर खोटं बोलला नव्हता, एवढं श्रेय तिला नाइलाजाने द्यावं लागलं.

"आला ना?" धाकटा म्हणाला, जणू मोठं बक्षीसच मिळालं होतं त्याला. "धुळीचं वादळ झालं ना, तेव्हापासून आहे. खिडक्या बंद केल्या, फटींना चिकटपट्ट्या लावल्या, हे हवा शुद्ध करायचं मशीन आणलं. तरी हटत नाही. मग आमच्या लक्षात आलं."

"काय?"

धाकट्याने नुसती हनुवटी उचलून मागची खोली दाखवली. भावजय पडद्याच्या चुण्या सारख्या करत राहिली.

मागच्या खोलीचं दार लावलेलं होतं आणि खालच्या फटीत टॉवेल कोंबला होता. आतलं बाहेर येऊ नये म्हणून. आत अण्णा होते, ताईचे आणि धाकट्याचे वडील.

ताईने पायाने टॉवेल उडवला आणि दार ढकललं. अण्णा पलंगाच्या कडेला बसले होते, पायाशी भरलेली बॅग. आयुष्यभर लाँड्री चालवलेला माणूस. ऐंशी उलटली तरी सदऱ्याला एक सुरकुती नाही. ती वाकून त्यांच्या खांद्याशी आली. साबण आणि इस्त्रीची ऊब, दुसरं काही नाही. खिडकीच्या कट्ट्यावर मात्र वादळाची तांबूस धूळ बोटभर साचली होती. या खोलीत कोणी फडकंसुद्धा फिरवलं नव्हतं. अण्णा खोकायला लागले ते थांबेचनात.

"खिडकी उघडायची ना, अण्णा."

"उघडली की मशीनवर ताण येतो म्हणे."

ताई बाहेरच्या खोलीत आली आणि कुत्र्यासारखी हुंगत फिरली. सोफ्यापाशी थांबली.

"गालिचा धुतलात?"

"मग! धूळ काय थोडी होती?" भावजय म्हणाली. "पाइप लावून चांगला भिजवून काढला. पाहुणे यायचे होते, म्हणून त्याच संध्याकाळी अंथरला."

ताईने सोफा ढकलला, गालिच्याचा कोपरा धरला आणि उलटा केला. खालून तो काळा-हिरवा झाला होता. फरशीला चिकटलेली बुरशी चरचर करत सुटली, आणि असा भपका आला की भावजयीने ओढणी नाकातोंडावर धरली.

"लाँड्रीवाल्याचा मुलगा तू," ताई म्हणाली. "ओल्या कापडाचा वास आणि बापाचा वास तुला वेगळा कळला नाही?"

धाकटा गालिच्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा पडेल, कान तरी लाल होतील, म्हणून ताई वाट बघत होती. तिलाच हसू आलं. लाज वाटायला आधी ती घरात असावी लागते.

"गालिचा होय," तो म्हणाला. "टाकून देऊ."

"नाहीतरी जुनाच होता," भावजय म्हणाली.

"आणि अण्णा?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "आता बॅग भरलीच आहे त्यांची," धाकटा म्हणाला. "शिवाय त्या खोलीला रंग द्यायला उद्या माणूस येतोय. ठरलंय ते आधीच."

ताईच्या तोंडात बरंच काही आलं. तिने ते गिळलं. पालथ्या घड्यावर पाणी ओतायलाही हात दुखतात. तिने गालिचा होता तसा, उलटाच टाकला आणि अण्णांना हात दिला.

खाली टॅक्सी उभी होती. रस्ताभर लोक अजूनही घरं उघडी टाकून वादळाची धूळ काढत होते. कोणी जाळ्या धूत होतं, कोणी गच्चीवरून चादरी झटकत होतं. अण्णा मागच्या सीटवर टेकले. खोकला जरा बसला.

तेवढ्यात धाकटा धावत आला. कचऱ्याची काळी पिशवी, तिला दोन गाठी, आणि ती त्याने मेलेला उंदीर धरावा तशी हात लांब करून धरलेली.

"उशी राहिली होती त्यांची."

ताईने पिशवी हिसकावली, गाठी सुटेनात तेव्हा ती फाडली, आणि उशी काढून अण्णांच्या पाठीशी लावली. शेजारच्या इमारतीत कुणीतरी गादीवर काठी हाणली. धुळीचा लोट रस्त्यावर उतरला.

अण्णांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"तू वर जा रे," ते म्हणाले. "तुला धुळीचा त्रास होतो."

धाकट्याने लगेच नाकाला रुमाल लावला, आणि खरंच वर गेला.